अथीना देवीच्या डोंगरावरचं देवद्रव्य



अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं चित्र आपल्यापैकी बहुतेकींनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात, नाहीतर एखाद्या कॅलेंडरवर. खडकाळ डोंगर आणि माथ्यावर छप्पर उडालेलं, खांबाखांबांचं देऊळ. ते देऊळ म्हणजे पार्थेनॉन. त्याच्या सौंदर्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तिथे गेलेले नाही, पुस्तकं वाचूनच लिहिते आहे. पण वाचताना माझं मन अडकलं ते भलत्याच गोष्टीत. या देवळाच्या बांधकामाचा वर्षावर्षाचा जमाखर्च संगमरवरी शिळेवर कोरून त्याच डोंगरावर उभा केलेला होता. त्या शिळेचे तुकडे आजही वाचता येतात. बी.कॉम. होऊन ४० वर्षं घरची वही लिहिणाऱ्या बाईला याहून गोड वाचन कुठलं?

आधी डोंगराविषयी. ॲक्रोपोलिस म्हणजे गावातली उंच जागा, वरचा गाव. ग्रीसमध्ये अशा टेकड्या पुष्कळ ठिकाणी आहेत, पण नुसतं ॲक्रोपोलिस म्हटलं की अथेन्सचीच कळते. चुनखडीचा खडक, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंच. माथा सपाट, साधारण ३ हेक्टरचा, म्हणजे साडेसात एकरांच्या जवळपास. तीन बाजूंनी कडे, चढायला सोपी वाट फक्त पश्चिमेची. त्यामुळे आधी तिथे किल्ला होता, मग देवस्थान झालं. आपल्याला डोंगरावरची तीर्थं नवीन नाहीत. शिखरजी, गिरनार, मांगीतुंगी, कुंथलगिरी. पण आपण ज्या डोंगरांवर चढतो तिथे कोणीतरी सगळं सोडून मोक्षाला गेलं, म्हणून ती भूमी पवित्र. अथेन्सच्या डोंगरावर शहराची राखणदार देवी अथीना राहत होती, आणि तिच्याजवळ शहराची तिजोरीही होती. हा फरक लक्षात ठेवला की पुढची गोष्ट नीट कळते.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणच्या बादशहाच्या फौजेने अथेन्स घेतलं आणि डोंगरावरची देवळं जाळली. त्या वेळी अथीनाचं एक मोठं नवं देऊळ अर्धवट बांधून झालेलं होतं, तेही गेलं. लोक परत आले. त्यांनी त्या मोडक्या देवळाच्या खांबांचे गोल दगड उत्तरेकडच्या तटात, खालून शहरातून दिसतील असे बसवले. ते आजही तिथे दिसतात. पुढे ३० वर्षांहून अधिक काळ देवीला मोठं देऊळ नव्हतं.

मग पैसा आला, आणि तो कुठून आला हे महत्त्वाचं आहे. इराणी पुन्हा आले तर एकत्र लढता यावं म्हणून इ.स.पू. ४७८ मध्ये बऱ्याच ग्रीक शहरांनी आणि बेटांनी एक संघ केला होता. कोणी जहाजं द्यायची, कोणी दरवर्षी वर्गणी. पैसा डेलोस नावाच्या पवित्र बेटावर ठेवायचा. प्रमुख होतं अथेन्स. इ.स.पू. ४५४ मध्ये ही तिजोरी डेलोसहून अथेन्सला हलवली. त्या वर्षापासून प्रत्येक शहराच्या वर्गणीतला साठावा हिस्सा अथीना देवीला पहिलं फळ म्हणून काढून ठेवायला सुरुवात झाली. साठावाच का? त्यांचं मोठं चलन टॅलेंट, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. १ टॅलेंटचे ६० मिना, १ मिनाचे १०० द्राख्मा, १ द्राख्माचे ६ ओबोल. टॅलेंटामागे एक मिना देवीचा, हिशेब तोंडी करता येतो. आपल्या आज्ज्या रुपयामागे आणा धर्मादाय काढायच्या, तसंच.

ही देवीची रक्कम शहराच्या नावासकट, साडेतीन मीटरहून उंच अशा एका प्रचंड शिळेवर कोरून लावली. अमुक गाव, अमुक द्राख्मा. चारी बाजूंनी आकडेच आकडे. वाचून मला आपल्या मंदिरांच्या भिंतींवरच्या दात्यांच्या फरशा आठवल्या. फक्त एक मोठा भेद आहे. आपल्या फरशीवरचा माणूस आपखुशीने देतो. या शिळेवरच्या गावांना नाही म्हणण्याची सोय हळूहळू उरली नव्हती. जे संघातून बाहेर पडू पाहत त्यांच्यावर अथेन्सचंच आरमार चालून जाई. सामोस बेटाने इ.स.पू. ४४० मध्ये बंड केलं, तर वेढा घालून त्याला वाकवलं आणि त्या वेढ्याचा खर्चही त्याच्याचकडून वसूल केला.

अथेन्सचा पुढारी होता पेरिक्लीस. डोंगर पुन्हा बांधायचा, आणि असा बांधायचा की जग बघत राहील, ही त्याची योजना. गावात सगळ्यांना ती पटली होती असं नाही. प्लुटार्क नावाचा लेखक, बराच नंतरचा, पाचशे वर्षांनंतरचा, तो वाद सांगतो. विरोधक म्हणत होते की लढाईसाठी म्हणून दिलेला दुसऱ्यांचा पैसा घेऊन आपण आपलं शहर एखाद्या नटव्या बाईसारखं दागिन्यांनी मढवतो आहोत. (उपमा देताना त्यांना बाईच सुचली, हे असू दे.) पेरिक्लीसचं म्हणणं असं की आम्ही त्यांचं रक्षण करतो आहोत ना, मग पैशाचा हिशेब त्यांना द्यायचं कारण नाही. आणि सभेत लोक खर्च फार झाला असं म्हणायला लागले तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, खर्च माझ्या नावावर घाला, पण मग इमारतींवर नावही माझंच लागेल. त्यावर लोक ओरडले की सरकारी पैशातूनच कर, हात आखडू नकोस. सभा कशी जिंकायची हे त्याला माहीत होतं. पण मूळ आक्षेपाला, दुसऱ्यांच्या पैशाचं काय, त्याला उत्तर मिळालं नाही.

इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झालं. शिल्पी इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस, आणि मूर्तिकार फिडियास. दगड पेंटेली डोंगरातला संगमरवर, सुमारे १६ किलोमीटरवरून बैलगाड्यांवर आणून मग डोंगरावर चढवलेला. देवळाचा वरचा चौथरा साधारण ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद. समोर ८ खांब, बाजूला १७. प्रत्येक खांब १० मीटरहून थोडा उंच. चुना किंवा सिमेंट काहीच नाही. दगड दगडाला इतका घासून बसवलेला की सांधा दिसू नये, आणि आतून लोखंडाच्या पट्ट्यांनी जोडलेला. त्या पट्ट्यांभोवती वितळलेलं शिसं ओतलेलं, म्हणजे लोखंडाला पाणी लागणार नाही आणि गंज चढणार नाही.

आणखी एक गंमत. लांबून बघताना वाटतं की सगळ्या रेषा सरळ आहेत, पण सरळ रेषा तिथे जवळजवळ नाहीच. चौथरा मधोमध किंचित फुगीर आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर. खांब पोटात थोडे फुगलेले आणि सगळे आतल्या बाजूला जरासे कललेले. कोपऱ्यांतले खांब बाकीच्यांपेक्षा जाड, कारण मागे मोकळं आभाळ असलं की खांब बारीक दिसतो. याचा अर्थ असा की एका कोपऱ्यातला दगड दुसऱ्या जागी चालत नाही. प्रत्येक दगड त्याच्या जागेचा मोजून घडवलेला. इतकं बारीक काम आणि मुख्य बांधकाम ९ वर्षांत, मूर्ती इ.स.पू. ४३८ मध्ये बसली. शिल्पं पुरी व्हायला इ.स.पू. ४३२ उजाडलं. आमच्या इमारतीची लिफ्ट बदलायला किती दिवस लागले ते आठवून मी हात जोडले.

आता माझ्या आवडीच्या शिळेकडे येते. दरवर्षी बांधकामासाठी देखरेख मंडळ नेमलं जाई, त्याचा एक कारकून असे. वर्ष संपलं की जमाखर्च कोरायचा. शेवटाकडच्या एका वर्षाचा, इ.स.पू. ४३४-४३३ चा, बराचसा मजकूर वाचता येतो. वर जमा. मागल्या मंडळाकडून आलेली शिल्लक. देवीच्या खजिनदारांकडून २५,००० द्राख्मा. मूर्ती झाल्यावर उरलेलं सोनं विकलं, वजन ९८ द्राख्मा, आले १,३७२ द्राख्मा. उरलेला हस्तिदंत विकला, आले १,३०५ द्राख्मा ४ ओबोल. खाली खर्च. खाणीतले मजूर, दगड गाड्यांवर चढवणारे, आणि छपराखालच्या त्रिकोणातल्या मूर्ती घडवणाऱ्यांची मजुरी १६,३९२ द्राख्मा.

मी पेन्सिल घेतली आणि १,३७२ ला ९८ ने भागलं. बरोबर १४. म्हणजे त्या वर्षी अथेन्समध्ये सोनं चांदीच्या १४ पट भावाने विकलं जात होतं. २,४०० वर्षांपूर्वीच्या सराफकट्ट्याचा भाव, एका देवळाच्या वहीतून! आणि बघा, देवीच्या मूर्तीचा उरलेला चुरासुद्धा कोणाच्या खिशात गेला नाही. तो वजन करून विकला आणि जमेला धरला.

त्याच हिशेबात आणखी एक नोंद आहे, ती मला फार आवडली. लॅम्प्सॅकस गावची ७० सोन्याची नाणी आणि सिझिकस गावची २७ नाणी व वर एक षष्ठांश. ही परगावची नाणी कधीतरी जमा झाली आणि खर्चायची वेळच आली नाही. ती दरवर्षी, नव्या मंडळाच्या हिशेबात, पुन्हा पुन्हा शिल्लक म्हणून कोरलेली दिसतात. तो षष्ठांशसुद्धा कोणी गाळला नाही. ज्या बाईने कधी मागील शिल्लक पुढे ओढली आहे तिला यातला प्रामाणिकपणा कळेल. नाणी तिथेच आहेत, वापरली नाहीत, पण आहेत, एवढं सांगण्यासाठी दरवर्षी छिन्नी चालली.

देवीचे खजिनदार १० असत, प्रत्येक जमातीतून एक. चिठ्ठी टाकून, एकेका वर्षासाठी, आणि सगळ्यांत श्रीमंत वर्गातूनच. पैसा कमी भरला तर वसूल करता यावा, हा त्यातला व्यवहार. वर्षअखेर त्यांनी नव्या खजिनदारांना एकेक वस्तू वजनासह मोजून द्यायची, आणि ती यादीही दगडावर. चांदीचं भांडं, त्याचं वजन, सोन्याचा मुकुट, त्याचं वजन. शिवाय पद सोडताना प्रत्येक अधिकाऱ्याची तपासणी. आपण ज्याला ऑडिट म्हणतो तेच.

मूर्तीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पार्थेनॉनमधली फिडियासने केलेली अथीना सुमारे १२ मीटर उंच होती. आत लाकडी सांगाडा, चेहरा आणि हात हस्तिदंताचे, वस्त्र सोन्याच्या पत्र्याचं. थ्युसिडिडीस हा त्याच काळातला इतिहासकार सोन्याचं वजन ४० टॅलेंट सांगतो. म्हणजे एक हजार किलोहून जास्त. चौदापट भावाने ५६० टॅलेंट चांदी. अभ्यासकांचा देवळाच्या बांधकामाचा एक अंदाज ४७० टॅलेंटच्या आसपासचा आहे. म्हणजे घरापेक्षा देवीचं लुगडं महाग. हे सोनं काढता-घालता येईल असं बसवलेलं होतं. पेरिक्लीसच्या शत्रूंनी फिडियासवर सोनं चोरल्याचा आळ घेतला, तेव्हा पत्रे उतरवून तोलता येतात या एका गोष्टीने तो आळ टिकला नाही, असं प्लुटार्क लिहितो. ज्याच्या हाताखालून देवाचं सोनं जातं त्याने आपल्या बचावाची सोय आधीच करून ठेवावी, हे शहाणपण आजही कुठल्याही कोषाध्यक्षाने घेण्यासारखं आहे.

पण एवढ्या सोन्याच्या मूर्तीची मुख्य पूजा होत नव्हती बरं का. खरी पूजेतली अथीना होती एक जुनी, ऑलिव्हच्या लाकडाची लहानशी मूर्ती, ती आकाशातून पडली असं लोक मानत. ती पुढे शेजारच्या एरेक्थिऑन नावाच्या देवळात असे. उंचसखल जमिनीवर बांधलेलं, दोन-तीन देवतांना एकत्र सांभाळणारं, स्त्रियांच्या सहा मूर्तींनी एका दालनाचं छत डोक्यावर पेललेलं ते देऊळ. त्या लाकडी देवीला दर मोठ्या उत्सवात नवं वस्त्र नेसवत. ते वस्त्र अथेन्सच्या लेकी-सुना नऊ महिने विणत. माग लावायच्या वेळी सात ते अकरा वर्षांच्या दोन मुली तिथे असत, त्या तेव्हा डोंगरावरच राहायच्या. आणि त्या देवीची पुजारीण बाई असे. लिसिमाखी नावाच्या एका पुजारणीने ६४ वर्षं ही सेवा केली. ज्या शहरात बायकांना सभेत मत नव्हतं, तिथे डोंगरावर मात्र एका बाईचा शब्द चालत होता.

एरेक्थिऑनचाही हिशेब आहे, इ.स.पू. ४०९ ते ४०६ या वर्षांचा, आणि तो तर मजुरांच्या नावानिशी आहे. कुशल कारागिराचा रोज १ द्राख्मा. देवळाच्या वास्तुकाराचाही रोज १ द्राख्मा. दुय्यम कारकुनाला रोज ५ ओबोल. ३७ दिवसांचे त्याचे ३० द्राख्मा ५ ओबोल लिहिलेत, मी गुणून पाहिलं, बरोबर आहेत. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्यांत अथेन्सचे नागरिक, बाहेरून येऊन राहिलेले परदेशी आणि गुलाम शेजारीशेजारी काम करत आणि दर एकच. ऐकायला बरं वाटतं. पण गुलामाची मजुरी त्याच्या धन्याकडे जाई. कागदावर समान आणि हातात शून्य, हेही त्या दगडावर लिहिलेलं आहे, वाचता आलं तर.

आता ती गोष्ट, जिच्याजवळ आपल्यासारखीचा हात थांबतो. पार्थेनॉनच्या भिंतीच्या वरच्या बाजूने १६० मीटर लांबीची कोरीव पट्टी होती, मिरवणुकीची. घोडेस्वार, घडे घेतलेले तरुण, विनम्र मुली. आणि त्यात दोरीने ओढून चालवलेल्या गाई आणि मेंढ्या. एक गाय मान वर करून हंबरते आहे. कला म्हणून ते शिल्प जगात नावाजलेलं आहे. पण ती मिरवणूक संपायची ती देवीच्या उघड्या वेदीपाशी. मोठ्या उत्सवात तिथे शेकडा जनावरं कापली जात आणि मांस लोकांत वाटलं जाई. मी ते चित्र पाहून पुस्तक मिटलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. पुढे इ.स.पू. ३३४ नंतरच्या काही वर्षांचा एक हिशेब सापडला आहे, त्यात त्या त्या उत्सवात बळी दिलेल्या जनावरांची कातडी विकून किती पैसे आले ते लिहिलंय. इतकं काटेकोर! एकेका सणाची रक्कम वेगळी. पण त्या आकड्यामागे असलेला जीव कुठल्याच रकान्यात नाही.

तिथे मला स्पष्ट झालं की हिशेब स्वच्छ असणं आणि पैसा स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शास्त्रात दानासाठी न्यायोपार्जित द्रव्य सांगितलं आहे. न्यायाने मिळवलेलं. पावती पक्की असणं ही त्याच्या नंतरची पायरी. अथेन्सने दुसरी पायरी अशी बांधली की जगाने शिकावं, आणि पहिली मात्र नीट घातली नाही. मिळालेला एकेक ओबोल लिहिला, पण सामोसच्या माणसाला विचारलं नाही.

या देवद्रव्याचं पुढे काय झालं, तेही सांगते. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी मोठं युद्ध पेटलं. तेव्हा पेरिक्लीसने लोकांना धीर देताना डोंगरावरची शिल्लक सांगितली. नाण्यांत ६,००० टॅलेंट, शिवाय भांडी, अर्पणं, आणि अगदीच वेळ आली तर देवीच्या अंगावरचं सोनं. पण एक अट घातली. जे घ्याल ते तितकंच परत ठेवायचं, कमी नाही. शहराने खरोखर देवीकडून कर्ज काढलं. आणि तेही रीतसर, व्याजाने! आधी दर जास्त होता, मग कमी केला. ५ टॅलेंटला रोज १ द्राख्मा. करून बघा. ५ टॅलेंट म्हणजे ३०,००० द्राख्मा, वर्षाचे ३६५, म्हणजे शेकडा १.२ च्या आसपास. हिशेबनिसांनी दिवस मोजून मुद्दल आणि व्याज कोरलं आहे. साधारण ११ वर्षांत अथीना आणि बाकीचे देव मिळून ५,००० टॅलेंटहून अधिक उचल झाली.

दर उतरवला तो घेणाऱ्यानेच, कारण देणारी देवी बोलत नाही. हे वाचताना मला एका मंदिराची वही आठवली. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. तिथे सभागृह बांधायला भंडारातली रक्कम तात्पुरती म्हणून घेतली होती. सभागृहाचं भाडं येईल, त्यातून परत भरू, असा ठराव. बायकांच्या मंडळाने मला जुने ताळेबंद बघायला सांगितले. सभागृह खाते, येणे, आणि समोर रक्कम. पुढल्या वर्षी तीच. पुढल्या वर्षी तीच. असं ११ ताळेबंदांत. विश्वस्त बदलले, एक तर वारलेही. कोणी खाल्लं नव्हतं. फक्त कोणाला घाई नव्हती. मी सभेत विचारलं तेव्हा एक काका म्हणाले, अहो ताई, देवाचाच पैसा आणि देवाचंच सभागृह, कुठे बाहेर गेलाय? त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तिथे लग्नं लागतात, वाढदिवस होतात, ते देवाचं कसं? अजून निर्णय व्हायचा आहे. मी एवढंच मागितलं आहे की परतफेडीची तारीख ठरवा आणि दर्शनाला येणाऱ्याला दिसेल अशा फळ्यावर ती लिहा.

अथेन्स ते युद्ध इ.स.पू. ४०४ मध्ये हरलं. त्याआधी, शेवटच्या तंगीत, डोंगरावरच्या विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. देवीचं कर्ज पुरतं फिटलं नाही. डोंगराचा भव्य दरवाजा, प्रॉपिलिया, युद्धामुळे इ.स.पू. ४३२ मध्ये थांबला तो तसाच राहिला. दगड उचलताना दोर अडकवायला ठेवलेले उंचवटे शेवटी तासून काढायचे असतात, ते तिथे अजून आहेत. मात्र एक चांगली गोष्टही घडली. सुमारे ७० वर्षांनंतर लायकर्गस नावाचा एक करडा माणूस शहराचा खजिना बघू लागला, आणि त्याने विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती पुन्हा करवून ठेवल्या. ज्यांनी उचललं ते कधीच गेले होते. नातवंडांनी परत ठेवलं. दगडावर लिहिलेलं असलं की असं होऊ शकतं. पुढे आणखी ३०-४० वर्षांनी लाखारीस नावाच्या एका हुकूमशहाने वेढ्याच्या वेळी सैनिकांचे पगार भागवायला खुद्द अथीनाच्या अंगावरचं सोनं उतरवलं.

मग देऊळ राहिलं, देवी गेली. पार्थेनॉनचं पुढे चर्च झालं, नंतर तुर्कांच्या राज्यात मशीद. इ.स. १६८७ मध्ये व्हेनिसच्या फौजेने डोंगराला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता. २६ सप्टेंबरला तोफेचा गोळा पडला आणि मधला भाग उडाला. २,१०० वर्षं जे उभं होतं ते एका दिवसात. १८०१ नंतर एल्गिन नावाच्या ब्रिटिश सरदाराने उरलेल्या शिल्पांतली बरीचशी उतरवून नेली. १८१६ मध्ये ती ३५,००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेतली गेली. एरेक्थिऑनच्या सहा बहिणींपैकी एक लंडनला आहे, बाकीच्या अथेन्सच्या म्युझियममध्ये. ग्रीस ती शिल्पं परत मागतो आहे. अथेन्सच्या तिजोरीत कधी सामोसचा पैसा अडकला होता, आज लंडनमध्ये अथेन्सची पोर अडकली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेले खांब पुन्हा उभे केले. तेव्हा लोखंडी पट्ट्या वापरल्या, पण जुन्या लोकांसारखं शिशाचं आवरण नाही. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर आतून तडकला. १९७५ नंतर सरकारी समितीने ते सगळं उकलून, टायटॅनियमच्या पट्ट्या घालून दुरुस्ती हाती घेतली. एकेक दगड कुठला, कुठे होता, याची नोंद करत हे काम चाललं आहे. दगडाला दिसणारा घाव तोफेचा होता, पण आतून फोडणारं होतं ते लोखंड, चांगल्या हेतूने घातलेलं आणि न झाकलेलं.

मी घरातल्या धर्मादाय डब्याला गेल्या महिन्यापासून एक छोटी वही जोडली आहे. डब्यात टाकलेलं, डब्यातून दिलेलं आणि शिल्लक. सूनबाई हसते, एवढ्याशा पैशाला कशाला वही म्हणते. मी तिला लॅम्प्सॅकसच्या ७० नाण्यांची गोष्ट सांगितली. आता तीही पैसे टाकते आणि लिहिते. कधीकधी पैसे टाकण्याआधी ते कुठून आले यावर आमचं बोलणंही होतं, आणि त्यातलं सगळंच सोपं नसतं.

तुमच्या मंदिरात भंडाराचा हिशेब कसा मांडतात, फळ्यावर लावतात की फक्त सभेत वाचतात, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.